गैरहजर नवरदेव

१

बिरान थिऊन आपल्या कापडाच्या दुकानात, पडद्यामागे, नमाजाच्या चटईवर मरून पडला होता. आणि पडद्याच्या बाहेर एक बाई निळ्या कापडाचा तागा हातात धरून केव्हाची ओरडत होती, "अहो बिरानभाऊ, भाव सांगायचाय की नाही? की फुकट नेऊ?"

शेवटी तिनंच पडदा सारला आणि तिची किंकाळी डाकारजवळच्या रुफिस्कच्या अख्ख्या बाजारानं ऐकली.

इन्स्पेक्टर खुदिया म्बेंग आली तेव्हा अस्रची, दुपार कलतानाची नमाज नुकतीच झाली होती. खुदिया पन्नाशीची, अंगानं भरलेली आणि जिभेनं तिखट. प्रेत पाहिल्यावर मात्र ती नेहमी गप्प होई. बिरानच्या ओठांवर फेस सुकला होता. हात पोटाशी आवळलेले होते. उशाशी काचेची बाटली, तिच्यात तळाला थोडं गोरखचिंचेचं सरबत. शेजारी जेवणाची टोपली, रोज दुपारी घरून घोडागाडीवरून येणारी.

खुदियानं टोपलीवरचं फडकं उचललं. मासळीभाताचं भांडं एका कडेला सरकवलेलं होतं. मोकळ्या जागेत, टोपलीच्या तळाशी अंथरलेल्या कापडावर एक पांढरट, चिकट, गोल डाग पडला होता. गोडाच्या वासानं मुंग्या आल्या होत्या. आल्या होत्या आणि तिथंच मरून पडल्या होत्या. 

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत म्हातारा मेइसा आला. बिरानचा चुलता, घराण्यातला सगळ्यात थोरला माणूस. त्यानं बाटली पाहिली आणि कपाळ बडवून घेतलं.

"अरे अल्ला! मीच दिली रे ती बाटली त्याच्या हातात! सकाळी, इथंच, दुकानात! नव्या नवरीनं पाठवली होती!"

"कुठली नवी नवरी, काका?" खुदियानं विचारलं.

बाजार कान टवकारून पुढं सरकला. बिरानची बायको कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऊलिमाता! दर आठवड्याला रेडिओवर बसून, दुसरी बायको आणणाऱ्या पुरुषांची सालटी काढणारी ऊलिमाता. तिचा कार्यक्रम लागला की बाजारातले दोन बायकांचे दादले आवाज बारीक करायचे आणि त्यांच्या बायका तो मोठा करायच्या.

"काल निकाह लागला," मेइसा पुटपुटला. "माझ्या मोहल्ल्यातल्या मशिदीत. पोरीचं नाव सुकेयना."

"ऊलिमाताला माहीत आहे?"

"नाही गं पोरी. बिरान आज घरी जाऊन सांगणार होता."

२

अशी बातमी द्यायला पायच उचलत नाहीत. ऊलिमाताच्या अंगणात खुदिया पोचली तेव्हा दिवस कलला होता. शेगडीवर एक लहानसं पातेलं रटरटत होतं, आणि ऊलिमाता त्याच्याकडे पाठ करून बसली होती. उंच, ताठ, इस्त्रीच्या पिवळ्या झग्यातली बाई.

"बसा, बाईसाहेब," ती म्हणाली. "पोलीस घरी येतात ते काही चहाला नाही. बोला."

खुदियानं सांगितलं. ऊलिमाता ओरडली नाही, छाती पिटली नाही. डोक्यावरचं फडकं सोडून तिनं मांडीवर ठेवलं आणि ती त्याच्या घड्या घालत राहिली. अन्न करपू नये म्हणून खुदियानं उगीच शेगडीतले निखारे बाजूला सारले.

"त्याच्यासाठी रांधलं होतं," ऊलिमाता म्हणाली. "आता कोण खाणार?"

"आणखी एक सांगायचंय, ऊलिमाताताई. काल त्याचं दुसरं लग्न लागलं होतं."

"कुणाचं? माझ्या बिरानचं?" ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "लग्नाच्या दिवशी नगरपालिकेत महापौरासमोर सही केली होती त्यानं. एकच बायको! मेइसा काकांनी कागद ओढून घेतला, तरी त्यानं सही केली. पंधरा वर्षं पोर झालं नाही, गावानं मला वांझ म्हटलं, त्यानं एका शब्दानं विषय काढला नाही. आणि आज हे तुम्ही मला सांगताय? मला आत्ता, तुमच्या तोंडून कळतंय!"

"हो."

"तुम्ही स्वतः सवतीच्या घरात नांदता म्हणे."

"नांदते की."

"सुखानं?"

"कधी सुखानं, कधी भांडून. एकटीचा नवरा असणाऱ्या बायका काय वेगळं करतात?"

"मला नसतं जमलं," ऊलिमाता म्हणाली. "वाटणीतला नवरा मला नको. सगळा, नाहीतर काहीच नाही."

खुदियाच्या ओठावर उत्तर आलं होतं. दोघींचा संसार म्हणजे काय हे रेडिओवर बोलणाऱ्यांना कधी कळत नाही, असं काहीतरी. पण समोर विधवा बसली होती. खुदिया उत्तर गिळून उठली. बाहेर पडताना तिला उगाचच वाटत राहिलं की या अंगणात काहीतरी चुकलंय. काय ते मात्र हाती लागेना.

३

"विष सरबतातच होतं," ठाणेदार बादियान साहेब खूश होऊन म्हणाले. त्यांना झटपट सुटणारी प्रकरणं आवडत. "धान्याला लावायची कीडनाशक पूड. पोरीच्या मामाचं शेंगदाण्याचं गोदाम आहे. आणखी काय पाहिजे, खुदियाबाई?"

"ती पूड निम्म्या गावाच्या घरात आहे, साहेब. माझ्याही."

"पण सरबत तुमच्या घरून नव्हतं आलं! पोरगी शिक्षिका व्हायला निघाली होती. मामानं कॉलेजातून उचलून आणलं आणि निकाह लावला. नवरा नको होता, बाटली पाठवली, विषय संपला. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर डाकारच्या तुरुंगात रवाना."

"आणि तिनं नसेल केलं तर?"

"तर तुम्हाला तोपर्यंत वेळ आहे."

आईबाप नसलेली, मामाच्या घरात वाढलेली पोर. सुकेयना कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातांवरची मेंदी अजून काळीभोर होती. खुदियाला पाहून ती दचकून उभी राहिली.

"बस गं. मी काही खात नाही. सरबत तू केलंस?"

"मामीनं करायला लावलं, मावशी. नव्या नवरीनं काहीतरी पाठवायचं असतं, नाहीतर लोक वळणाला नावं ठेवतात, म्हणाली. मी जायफळ घालून केलं, बाटलीत भरलं, आणि मेइसा काकांच्या हातात दिलं. बस्स. आईच्या कबरीची शपथ."

"लग्न तुला हवं होतं?"

"मला विचारलं कुणी? मी घरात तांदूळ निवडत होते. मशिदीत मामा आणि मेइसा काका बसले, दुआ झाली, शकुनाच्या कोलाच्या बिया वाटल्या. पोरं ओरडत आली, 'सुकेयनाचं लग्न झालं!' तेव्हा मला कळलं."

यात खुदियाला नवल वाटलं नाही. इकडे असंच असतं. मशिदीत वडीलधारे बसतात, नवरीही घरी आणि नवरदेवही. खुदियाच्या स्वतःच्या निकाहाच्या वेळी ती केस विंचरत होती आणि तिचा नवरा हबीब फुटबॉल बघत होता.

"बिरानला तू कधी पाहिलंस?"

पोरीची नजर खाली गेली. "नाही."

"कधीच नाही?"

"नाही, मावशी."

खुदियानं जन्मभर खोटं ऐकलं होतं. इतकं वाईट खोटं बोलणारी तिनं पाहिली नव्हती. पोर काहीतरी लपवत होती, आणि जे लपवत होती तेच तिला फासापर्यंत नेणार असं दिसत होतं.

"बोल गं बाई! उद्या डाकारला नेल्यावर मी काही करू शकणार नाही!"

सुकेयनानं तोंडावर पदर ओढला. तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

४

शुक्रवारी सकाळी खुदिया उठली ती डोकं जड घेऊनच. अंगणात तिची सवत मारेम, हबीबची पहिली बायको, फळीवरून मोठं पातेलं काढत होती.

"आज माझा वार," मारेम म्हणाली. "जुम्म्याला हबीब चार पाहुणे आणणार, ठरलेलं. तू आपली तुझ्यापुरती टाक काहीतरी. की तेही मीच करू, इन्स्पेक्टरीणबाई?"

"नको. तुझ्या हातचं खारट असतं."

"तरी काल ताट चाटून पुसून खाल्लंस ते?"

खुदियानं हसत हात वर केला, रोजच्या सवयीनं आपलं लहान पातेलं उचललं, आणि तशीच उभी राहिली.

लहान पातेलं!

ज्या दिवशी आपला वार नसतो त्या दिवशी बाई लहान पातेलं काढते. नवरा दुसरीकडे जेवणार, त्याचे पाहुणेही दुसरीकडे. इतकी वर्षं तिनं हेच केलं होतं. म्हणून तर ऊलिमाताच्या शेगडीवरचं ते एवढंसं पातेलं पाहून तिला काही वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की आज हिचा वार नसेल.

"अगं मारेम," ती हळूच म्हणाली, "ऊलिमाताला वार कुठून आला?"

"काय बरळतेस?"

"जिला सवतच नाही तिला वार कसला? तिचा नवरा रोज घरीच जेवणार! बिरान कधी एकटा घरी आलाय? दुकानातला शिंपी, कुणीतरी ओळखीचा, कुणीतरी भुकेला, असे दोघंतिघं सोबत असायचेच. आणि ती म्हणते, त्याच्यासाठी रांधलं होतं. एवढ्याशा पातेल्यात? ते एका माणसाचं जेवण होतं, मारेम!"

मारेमनं मोठं पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे तिला लग्नाचं आधीच कळलं होतं. तो नवीकडे जाणार, असं तिनं धरलं होतं."

"किंवा तो कुठंच जाणार नाही हे तिला ठाऊक होतं," खुदिया म्हणाली, आणि पायात चपला घालायलाही थांबली नाही.

५

मेइसाच्या अंगणात मयतीला आलेली माणसं चटयांवर बसली होती. खुदियानं म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, बाटली हातात घेताना बिरान काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, तिला माझा सलाम सांगा."

"मग?"

"मग ठेवली बाजूला. मी निघालो."

"सकाळची गोष्ट ही. जेवणाची टोपली येते दुपारी. टोपलीच्या तळाच्या कापडावर त्या बाटलीच्या बुडाचा डाग आहे, काका. सरबताचा, गोल. भांडं कडेला सरकवून बाटलीला जागा केलीय. ती बाटली टोपलीत बसून दुकानात गेली. आणि टोपली भरली जाते ऊलिमाताच्या घरात. मग तुम्ही बाटली कुठं दिलीत?"

म्हातारा दाराकडे सरकला. खुदिया आडवी आली.

"ती पोर तुमच्या नातीच्या वयाची आहे! दुपारी तिला तुरुंगात नेतील. तुम्ही इथं दुआ घेत बसा!"

"ओरडू नकोस गं, बाहेर माणसं आहेत." मेइसा भिंतीला टेकून खाली बसला. "ऊलिमाताकडे नेली. सकाळी. बाटली आणि कोला. म्हटलं, नवीकडून आलेलं थोरलीनं एकदा पदर पसरून घेतलं, की लग्न मानल्यासारखं झालं."

"काय सांगितलंत तिला?"

"की बिरानचं लग्न झालं. की त्यालाच पोर हवं होतं, त्यानंच माझ्या पायाशी बसून हट्ट धरला."

"आणि खरं काय?"

म्हातारा डोक्यावरची टोपी काढून तिच्या कडा चाचपू लागला.

"काका, खरं काय?"

"त्याला विचारलंच नव्हतं!" मेइसा हुंदका देऊन म्हणाला. "दहा वर्षं मागं लागलो होतो, ऐकत नव्हता. म्हटलं, एकदा निकाह लागू दे, मग वडीलधाऱ्यानं दिलेली बायको परत करायची कुणाची टाप आहे? मशिदीत नवरदेवाला कोण शोधतं? मी म्हटलं, बिरानच्या वतीनं मी आलोय. सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, वंश चालेल. माझ्या भावाचं नाव राहील. बाटली ऊलिमाताकडे दिली म्हटलं असतं, तर हे सगळं उघडं पडलं असतं."

खुदियाला राग आला, आणि त्याच्यामागून भीती वाटली. कारण आता एकच प्रश्न उरला होता. मेला त्या दिवशी बिरानला आपलं लग्न झाल्याचं ठाऊक होतं का?

त्याचं उत्तर कुणाकडे आहे हे तिला चालता चालताच कळलं.

६

"तो तुझ्याकडे आला होता," कोठडीचं दार उघडताच खुदिया म्हणाली. "बिरान. काल. हेच लपवतेस ना?"

सुकेयना रडायलाच लागली. कालपासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं.

"दारात उभा राहिला, मावशी. आत आला नाही. कुणीतरी दुकानात जाऊन त्याला मुबारक म्हणालं, तेव्हा त्याला कळलं. घामानं भिजला होता. मला म्हणाला, 'पोरी, मला माफ कर. हे लग्न मी मागितलेलं नाही. मला बायको आहे. अस्रनंतर इमामांकडे जातो आणि तुला मोकळी करतो. तू कॉलेजात परत जा. तुझ्यावर डाग लागू देणार नाही.'"

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, 'आधी इमाम, मग घर. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. संध्याकाळी तिच्यासमोर बसून सांगेन, नाहीतर ती माझी रेडिओवर चामडी लोळवेल.' आणि हसला, मावशी. घाबरला होता, तरी हसला."

खुदिया तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"हे काल का नाही बोललीस?"

"काय बोलणार? एका दिवसात नवऱ्यानं नको म्हटलेली बाई, हे मामाच्या घरात सांगू? आणि साहेब काय म्हणाले असते? नाकारलं म्हणून विष घातलं! मी दोन्हीकडून मेलेच होते."

साहेब अगदी तेच म्हणाले असते. खुदियानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मामा सांगून गेला, मेइसा काका म्हणतात, सुटलीस तरी तू बिरानची विधवा. घरात बसून इद्दतीचे चार महिने दहा दिवस काढायचे, आणि मग घराण्यातल्याच दुसऱ्या कुणाशी लग्न," सुकेयना पुटपुटली. "कॉलेज गेलंच माझं, मावशी."

बाहेर जुम्म्याची बांग सुरू झाली होती.

७

ऊलिमाता पांढऱ्या वस्त्रात, बायकांच्या घोळक्यात बसली होती. खुदियानं बायकांना अंगणात जायला सांगितलं. ऊलिमातानं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचे खांदे सैल पडले.

"काकांनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

"ते नंतर बोलले. आधी तुमच्या पातेल्यानं सांगितलं. तुम्ही एकटीपुरतं रांधलं होतंत, ताई. आमच्यासारखं, वार नसलेल्या बाईसारखं."

ऊलिमातानं मान वर केली. मग आवाज एकदम रेडिओवरचा, खणखणीत झाला.

"हो, मी केलं. काका दारात आले, कोला माझ्या ओंजळीत टाकल्या, म्हणाले, 'त्यालाच हवं होतं.' पंधरा वर्षं मी त्याच्या नावावर भांडले! लोक म्हणायचे, सगळे पुरुष एकसारखे. मी म्हणायची, माझा नाही. साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायची! आणि तिनं त्याला सरबत पाठवलं. म्हटलं, पी. तिच्याच हातचं पी. मरताना तरी कळू दे, कशासाठी मरतोस ते."

"त्याला ते कुणाचं हे माहीत नव्हतं," खुदिया म्हणाली.

"म्हणजे?"

"ही बाटली तिनं पाठवलीय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या टोपलीत आली म्हणून तो प्याला. तुमचं समजून."

 खुदियाला तिथंच थांबावंसं वाटलं. खुनी असली तरी या बाईला पुढचं न ऐकवता न्यावं, एवढी दया आपल्या हातात असावी, असं तिला फार वाटलं. पण ठाण्यात एक पोर कोठडीत बसली होती आणि तिची सुटका याच्या पलीकडे होती.

"त्यानं लग्न केलंच नव्हतं, ताई. काकांनी त्याला न विचारता लावलं. कळल्याबरोबर तो त्या पोरीच्या दारात गेला. म्हणाला, मला बायको आहे. अस्रनंतर निकाह मोडायला इमामांकडे जाणार होता. संध्याकाळी तुमच्यासमोर बसून सांगणार होता."

 मग ऊलिमातानं तोंडात पदर कोंबला आणि तिच्या पोटातून असा आवाज आला की अंगणातल्या बायका दारात धावत आल्या. खुदियानं त्यांना हातानं परत पाठवलं आणि डोळे पुसले. ती पोलीस होती, दगड नव्हती.

खूप वेळानं ऊलिमाता सरळ बसली. "मी का विचारलं नाही त्याला?" ती म्हणाली. "दुकान किती लांब होतं? मी जाऊन विचारायचं होतं. त्याला कुणीच विचारलं नाही. काकांनी नाही, मी नाही."

खुदियानं तिच्या पुढ्यात पाणी सरकवलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

"आणि ती मुलगी?"

"काका तिला विधवा म्हणून बसवणार. पण नवऱ्याची संमतीच नव्हती हे सिद्ध झालं तर निकाह लागलाच नाही, असं इमाम म्हणतील. तिच्या एकटीच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. काका बंद खोलीत रडले, पण चारचौघांत कबूल होणार नाहीत. बिरानला दुसरी बायको नकोच होती, आणि काकांनी बाटली कुणाच्या दारात दिली, हे तुम्ही सांगितलंत तर…"

"सांगते. लिहा," ऊलिमाता म्हणाली. "सगळं लिहा. पण पहिलं वाक्य मी सांगेन ते."

खुदियानं कागद मांडीवर घेतला.

"बिरान थिऊनला एकच बायको होती."

खुदियानं लिहिलं.

"पुढं?" तिनं विचारलं.

"पुढचं तुम्हाला ठाऊक आहे," ऊलिमाता म्हणाली. "त्याखाली लिहा, की तिनंच त्याला मारलं."

आणि पेन मागून घेऊन तिनं सही केली.